कॅप्सूलला बारीक चीर

७ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तराला उशीर झाला म्हणून फुरंगटून बसू नकोस. इकडे सगळे ठीक. आई बरी आहे. सकाळ-संध्याकाळ गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चालीवर शेरे मारते. तुझ्या वहिनीच्या शाळेत परीक्षा चालू आहेत. जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो. माझं म्हणशील तर थकलोय. दुखत-खुपत काही नाही, नुसता थकलोय. मेअखेर निवृत्त होईन तेव्हा पहिले चार दिवस झोपून काढीन म्हणतो.

प्रयोगशाळेतल्या तळघराला रंग दिला. पिवळट पांढरा, दवाखान्यासारखा. प्रेस, आपलं ते खडक दाबायचं यंत्र, जिथल्या तिथे आहे, तिला कोण हलवणार? तेलाचा पंप तेवढा बदलला. गेल्या वर्षी एक नवीन संशोधक बाई आल्या आहेत. तुझ्याच उंचीच्या, भरभर बोलतात, डबा उभ्यानं खातात. त्या तुझाच जुना विषय करताहेत, वितळलेल्या खडकातल्या लोखंडाचं दाबाखाली काय होतं तो. त्यांनी आल्या आल्या मला तो समजावून सांगायला घेतला. मी मनात म्हटलं, बाई, हे मला माझ्या बहिणीनं स्वयंपाकघरात शिकवलंय.

तू शिकवलंसच होतंस. सरांच्या हाताखाली तुझा प्रबंध चालू होता तेव्हाची गोष्ट. मी कणीक मळत होतो आणि तू ओट्यावर बसून पाय हलवत सांगत होतीस की, दादा, खडकातलं लोखंड दोन प्रकारचं असतं. एक दोन हातांचं, एक तीन हातांचं. या हातांनी ते ऑक्सिजनला धरून असतं. तीन हातांच्याला वितळलेल्या खडकात जागा जास्त लागते, म्हणून दाब वाढला की त्याची अडचण होते आणि त्याचं प्रमाण घटतं. मी विचारलं होतं, मग पार खोल, सहाशे किलोमीटरवर काय होतं? तू म्हणालीस, "सर म्हणतात, घटतच जातं. पण तिथे जाऊन बघितलंय कोणी?"

असो. मुद्द्याचं असं, की त्या बाईंना एका कागदावर तुझी सही हवी आहे. कागद सोबत जोडला आहे. जुन्या नमुन्यांबद्दलची परवानगी आहे, ऑफिसची औपचारिकता. फार डोकं लावू नकोस. सही कर आणि खालच्या पत्त्यावर पाठव.

बाकी सविस्तर नंतर. आई म्हणते, हवा बदलते आहे, पाणी उकळून पी. पाणी तपासणाऱ्या बाईला हा सल्ला, पण आई ती आईच.

दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होतो. वहिनीनं "बाहेर गेलेत" म्हणून सांगितलं, कारण मी तिला हातानं तशी खूण केली. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ती विचारत होती, जे नमुने फेकून दिले त्यांच्यावर सही कसली? मी काय सांगू? मला तरी कुठे माहीत आहे?"

तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

नमुने फेकले नव्हते. सरांनी फेकायला सांगितले होते. मी ते गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीत घालून माझ्या कपाटात हातमोज्यांच्या खाली ठेवले. तिन्ही. चौदा वर्षं. का ठेवले ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

नवीन बाईंचे खोलातले प्रयोग गेल्या पावसाळ्यात झाले. मी प्रेसवर होतो. आकडे आले तेव्हा त्यांनी दोन दिवस ते पुन्हा पुन्हा तपासले. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "काका, हे उलटं वळतंय. एका खोलीपर्यंत तीन हातांचं लोखंड घटतं, आणि त्यापुढे वाढायला लागतं. सरांची रेघ सरळ खाली जाते, माझी वर फिरते. आधी कोणी इथे असं काही पाहिलं होतं का?"

मी म्हणालो, "बघून सांगतो." चार दिवस काढले. पाचव्या दिवशी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी तुझे नमुने, ते ज्यात वितळवले होते त्या धातूच्या इवल्या कॅप्सूलसकट, घासून गुळगुळीत केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मग जुनं रजिस्टर काढून नमुन्यांच्या क्रमांकांवरून तुझ्या तीन नोंदी शोधल्या. मी दारातच उभा होतो.

"काका, इथे लिहिलंय, कॅप्सूलला बारीक चीर. तिन्हीला. अक्षर तुमचं आहे ना?"

"हो."

"मला चीर दिसत नाहीये."

त्यांनी रजिस्टरची पानं मागे-पुढे केली.

"प्रयोगांमध्ये तीन-तीन आठवड्यांचं अंतर आहे. बाकीच्या नोंदींची शाई दर वेळी वेगळी आहे. हा शेरा मात्र तिन्ही ठिकाणी एकाच पेनानं लिहिलाय." त्यांनी चष्मा काढला. "चीर होती का?"

"नव्हतीच," मी म्हणालो.

ठमे, चीर नव्हती. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून चार कागद लागले. एकाही कॅप्सूलला चीर नव्हती. तू भरलेलं झाकण न् झाकण घट्ट होतं. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

आता कसं झालं ते सांगतो. तुझा तिसरा आकडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला वर बोलावलं. टेबलावर तुझा आलेख होता. चिडलेले नव्हते. म्हणाले, "हिचे खोलातले तिन्ही बिंदू वर गेलेत. कॅप्सूलला चीर असेल तर असंच होईल. बाहेरचा ऑक्सिजन आत शिरेल आणि लोखंड आयतं तीन हातांचं होईल. कॅप्सूल उघडताना तू होतास. तू पाहिलंस का नीट? ती तुझी बहीण आहे म्हणून विचारतो. उद्या कोणी म्हणायला नको की भावानं सांभाळून घेतलं."

मी म्हणालो, "पुन्हा बघतो, सर."

खाली आलो. पुन्हा बघितलं नाही. रजिस्टर काढलं आणि तिन्ही ठिकाणी शेरा लिहिला. दोन मिनिटांचं काम.

त्यानंतर तू तळघरात आलीस. हातात ते रजिस्टर होतं. विचारलंस, "दादा, तू स्वतः पाहिलीस चीर?" मी पान्हा पुसत होतो. मान वर न करता म्हणालो, "हो." तू म्हणालीस, "मग माझ्याच हातात दोष आहे." आणि बाकावर बसून राहिलीस. मी तुला चहा आणून दिला. चहा, ठमे!

चार महिन्यांनी तू प्रबंध अर्धवट टाकून दुसऱ्या शहरात पाणीखात्यात गेलीस. सगळ्यांना सांगत राहिलीस की, मला बारीक काम जमत नाही. आणि मला लिहिलंस, "तू खरं सांगितलंस म्हणून माझी आणखी वर्षं वाया गेली नाहीत. दुसऱ्या कोणी भीड बाळगली असती." ते पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. मग एकदा लिहिलं होतंस, की पाण्याच्या प्रत्येक बाटलीचं झाकण मी तीन तीनदा तपासते, साहेब हसतात. ते वाचून मी जेवणावरून उठलो होतो. वहिनीला सांगितलं, पोट बिघडलंय.

तू विचारशील, का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नोकरीची भीती होती. होतीच. तेव्हा मी कायम झालो नव्हतो. सरांनीच मला कारखान्यातून उचलून आणलं होतं, साधा फिटर होतो. त्यांच्या पंधरा वर्षांच्या कामाविरुद्ध मी काय बोलणार, असंही वाटलं. हे सगळं खरं आहे. पण हे म्हणजे सगळं नव्हे.

त्याच आठवड्यात बाहेरचे पाहुणे प्रेस बघायला आले होते. मी त्यांना सांगत होतो, आठ ठोकळे कसे बसवतात, मधल्या तुकड्यात तांदळाच्या दाण्याएवढी कॅप्सूल कशी ठेवतात, आणि हजार टन दाब कसा देतात. तू मधेच म्हणालीस, "दादा, टनात असतं ते बल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ." सगळे हसले. तूही हसलीस, प्रेमानंच. तुला हे आठवतही नसेल. बरोबर तूच होतीस. पण ते यंत्र माझं होतं, ठमे. तुझ्याआधी मला येत होती अशी ती एकच गोष्ट होती. बाबा गेल्यावर मी शाळा सोडली ती घरासाठी आणि तुझ्यासाठी. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, असं मी जगाला सांगत आलो. त्या दिवशी वाटलं. आणि दोन दिवसांनी सरांनी विचारलं तेव्हा मला एक क्षण असं वाटून गेलं की, हिचंही चुकू शकतं. हिचंही चुकावं. त्या एका क्षणात मी पेन उचललं. पुढचं सगळं त्या क्षणाला झाकायला.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बाईंनाही नाही. त्यांना एवढंच सांगितलं, की शेरा खोटा आहे आणि तो मी लिहिला.

बाईंनी तुझे नमुने मोठ्या प्रकाशयंत्रावर नेले. तिथे क्ष-किरण टाकून लोखंडाचे हात मोजतात. तुझे आकडे होते शंभरात अकरा, सोळा, एकवीस. नवीन मोजणीत आले बारा, सोळा, बावीस. बाई म्हणाल्या, "त्या वेळच्या उपकरणांवर इतकं अचूक? कोण होती ही?" मी सांगितलं. तेव्हा त्यांना कळलं की ती माझी बहीण. आधी मी नुसतंच "एक विद्यार्थिनी" म्हणालो होतो. त्यांनी तिन्ही नमुने डबीत परत ठेवले. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही जा आता."

त्यांना हे तीन प्रयोग आपल्या लेखात घालायचे आहेत, तुझ्या नावानं. सही त्यासाठी. आधीच्या पत्रात मी त्याला औपचारिकता म्हटलं. ते माझं आणखी एक खोटं.

मी विभागाला लेखी कबुली दिली आहे. प्रत सोबत आहे. यापुढे मी प्रेसला हात लावायचा नाही, असं ठरलंय. मेपर्यंत भांडारात बसून सामानाची यादी करतोय. कोणी वाईट वागत नाही. जिन्यात भेटले तर घड्याळ बघतात, इतकंच.

सरांकडेही जाऊन आलो. ते मुलीकडे राहतात. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तुला काय लिहायचं ते सांगितलं होतं का?"

"नाही, सर."

"मी फक्त विचारलं होतं."

"हो, सर."

त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं. मी उठणार, एवढ्यात म्हणाले, "सगळ्यात खोलचा आकडा किती आला?" मी म्हणालो, "शंभरात बावीस." त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं आडवी-उभी रेघ मारली, तीन ठिपके दिले आणि ते हातानंच जोडले. म्हणाले, "वळतंय. वळायलाच हवं होतं. खोलात त्याची बसायची तऱ्हाच बदलत असणार, मग जागा कमी लागेल." पुन्हा म्हणाले, "पोरीनं बरोबर ओळखलं होतं." मुलगी चहा घेऊन आली तर तिला म्हणाले, "यांना नको, निघालेत ते."

बाई सांगतात, की पृथ्वी सगळी वितळलेली होती तेव्हा खोलात हेच झालं असेल. काही लोखंड धातू होऊन तळाशी गेलं, तीन हातांचं वर खडकात राहिलं, आणि पुढे त्या खडकातून जी वाफ, जी हवा बाहेर पडली, ती कशी असावी हे त्यावर ठरलं. मला यातलं निम्मं कळतं. एवढं कळतं, की हे सांगायचा मान चौदा वर्षांपूर्वी तुझा होता.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर मी आणखी काही लादावं असं वाटत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर फोन कर. या वेळी मी उचलीन.

दादा


११ मार्च

ठमे,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. "आईला हे कळलंय का?"

कळलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सांगितलं. ती गॅलरीतच होती. मी खाली जमिनीवर बसलो. प्रेस, कॅप्सूल, चीर, सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे तिचं काही चुकलंच नव्हतं?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, आई."

"आणि मी इतकी वर्षं तिला फोनवर सांगत आले, बाळा, जरा लक्ष देऊन काम करत जा." तिनं पदर तोंडाला लावला. "ती दर वेळी हो म्हणायची रे. एकदाही उलटून बोलली नाही."

मी तिच्या पायाला हात लावायला गेलो, तर तिनं पाय मागे घेतले.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दार लाव, दिवा घालव, असं. वहिनीशी बोलते, शेजाऱ्यांशी बोलते. वहिनी तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी तुला तेव्हाच घराबाहेर काढलं असतं, आणि तू दुसऱ्या दिवशी खरं बोलून परत आला असतास." तिचं बरोबर असावं. सध्या आम्ही दोघं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआडून जेवतो, कारण तिनं ते उचललेले नाहीत.

तू बाईंना परस्पर लिहिलंस हे त्यांच्याकडून समजलं. त्यांनी मला ते पत्र भांडारात आणून दाखवलं, म्हणाल्या, "तुमच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही." तू लिहिलंस, की सही करणार नाही. आधी तिन्हीपैकी एक तरी प्रयोग माझ्या हातांनी पुन्हा करून बघेन, तो तसाच आला तरच माझं नाव लावा. पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. ते वाचून मी भांडारातल्या शिडीवर बसलो. बाई म्हणाल्या, "त्यांची खात्री त्यांनाच करून घ्यायची आहे. आमची झालेली आहे."

तू येशील तेव्हा मी तळघरात नसेन. तशी मनाई आहेच. ती नसती तरी आलो नसतो. माझ्या जागी आलेल्या माणसाला मी चार पानं लिहून दिली आहेत. डावीकडचा ठोकळा किंचित आधी बसतो, त्याला पुठ्ठ्याची एक पट्टी जास्त लागते. दाब चढवताना सहाशे टनांपाशी थोडं थांबायचं, तिथे यंत्र कुरकुरतं. उतरवताना पंधरा तास म्हणजे पंधरा तास, घाई केली तर आतलं सगळं फुटून बार उडतो. दाब नव्हे, बल. मी त्या पानावर बल असंच लिहिलंय.

आता महत्त्वाचं. आईला तुझ्याकडे यायचं आहे. तू इकडे येशील तेव्हा भेटेलच, हे मी सांगून बघितलं. ती म्हणाली, "ती तिच्या कामाला येतेय. मला तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर बसायचंय." तिनं पिशवी भरली, एक लुगडं, औषधं आणि तुझे शाळेतले दोन फोटो. पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं निघणार आहे. वाहकाला मी सांगून ठेवीन. तिच्याजवळ फोन आहे, पण बसच्या आवाजात तिला तो ऐकू येत नाही, तेव्हा थांब्यावर वेळेच्या आधी जा. हे पत्र आजच टपालात टाकतो, म्हणजे तुला तिच्याआधी मिळेल. तिनं विचारलं, "काय लिहिलंयस? परत काही खोटंनाटं नाही ना?" मी तिला वाचून दाखवलं. इथपर्यंत तिनं ऐकलंय आणि मान डोलावलीय.

ती किती दिवस राहील, ते तिला विचारलं नाही. परत येईल की नाही, तेही नाही. तुझ्याकडे राहावंसं वाटलं तर राहू दे, तिचे कपडे मी पाठवीन.

मोठ्या भावानं पत्राखाली आशीर्वाद लिहायचे असतात. आज हात उचलत नाही. बसची पायरी उंच आहे, आईला उतरताना उजव्या बाजूनं धर. डाव्या गुडघ्यावर ती भार देत नाही, आणि ते कोणाला सांगतही नाही.

अजून म्हणवत असेल तर,
तुझा दादा